अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट

पुरस्कार आपल्याला मिळणार आहे हे वृषालीला फ्लेक्सवर कळलं.

आळेफाट्याच्या अलीकडे, मंगल कार्यालयाच्या कमानीला तो बांधला होता. वर मीनाकाठ प्रकाशनाचं नाव, खाली 'ग्रंथपाल मेळावा, वर्ष अकरावे', त्याखाली आईचा फोटो, आणि आईच्या फोटोपेक्षा मोठा तिचा स्वतःचा. 'कै. कुशाबाई स्मृती आदर्श ग्रंथपाल पुरस्काराच्या मानकरी.' फोटो भाच्याच्या लग्नातला होता. शेजारी उभ्या असलेल्या भावजयीचा, शीलाचा, अर्धा खांदा तिच्या गळ्याला चिकटून तसाच राहिला होता. फोटो कापायचं कामसुद्धा धड झालेलं नव्हतं.

शिनोलीहून पहाटेची एसटी धरून घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा गाड्या बदलत ती आली होती ती टाळ्या वाजवायला. पुरस्कार इशरतचा होता. महिन्यापूर्वी निवड समितीच्या कागदावर तिनं स्वतः सही केली होती. समितीत तिघं: ती, ग्रंथपाल मंडळाचे अध्यक्ष सयाजी अण्णा, आणि तिचा धाकटा भाऊ सुदर्शन, म्हणजे प्रकाशक. अकरा वर्षांत जे दहा आदर्श झाले ते कसे झाले हे तिला चांगलं ठाऊक होतं. ज्याच्या गावात मीनाकाठच्या पुस्तकांचा वर्षाचा संच आधी आणि अख्खा जातो तो आदर्श. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारच्या गावचा. दहा वर्षं तिनं निमूट सह्या केल्या होत्या, कारण पुरस्काराला आईचं नाव होतं आणि त्या एका दिवशी तरी माहेरचे तिला खुर्ची देत होते. यंदा पहिल्यांदा ती अडून बसली होती. जुन्नरच्या बाजारातलं वाचनालय इशरत एकटी चालवते, दर शुक्रवारी पुस्तकं पिशवीत घालून बायकांच्या दारात नेते, आणि मीनाकाठचा संच डोळे झाकून घेत नाही. असली ग्रंथपाल आईच्या नावाला शोभेल, असं ती फोनवर म्हणाली होती. दोघंही हो म्हणाले होते.

'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत घरचे बसले होते. सुदर्शन तागाच्या पिशव्यांत सामान भरून घेत होता. प्रत्येक पिशवीत वही, पेन, पुस्तकांची यादी आणि मागणीपत्रक.

"हे काय आहे, सुदर्शन?"

"सरप्राइज."

"समितीतल्याच माणसाला पुरस्कार?"

"इतिवृत्तात नीट लिहिलंय. तुझ्या नावाची चर्चा सुरू झाल्यावर तू उठून बाहेर गेलीस."

"मी शिनोलीत होते त्या दिवशी. फोनवर बोलत होते."

"मग तू फोन ठेवलास असं लिहू," सुदर्शन म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. "ताई, वीस वर्षं तू त्या गावात वाचनालय सांभाळतीयेस. गळक्या पत्र्याखाली. तुला नाही मिळायचा तर कोणाला? आबांच्या डोळ्यांदेखत मिळतोय, गप घे."

"इशरतचं काय झालं?"

"तिचं पुढच्या वर्षी बघू."

शीला खिडकीशी सन्मानचिन्ह पुसत बसली होती. लाकडी पाट, त्यावर पितळी पुस्तक, खाली नावाची पट्टी. पट्टीवर स्टिकर होता. वृषालीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली पितळेत कोरलेलं 'इश' दिसलं.

"वन्सं, राहू द्या ना," शीला म्हणाली. "उगाच सकाळी सकाळी."

"तू गप बस. हे चिकटवलं कोणी, तूच ना?"

"हो, मीच. या घरात चिकटवायचं, टाइप करायचं, पोहे करायचे, सगळं मीच करते. तुम्ही वर्षातनं एकदा येऊन भांडता."

सुदर्शन हसला. नवरा-बायको एका बाजूला आणि ती एका बाजूला, हे नेहमीचं होतं. आई गेल्यापासून या घराच्या कुठल्याही खोलीत ती दाराजवळच बसत आली होती.

"त्या बाईनं पत्र पाठवलंय तक्रारीचं," सुदर्शन म्हणाला. "बाइंडिंगची किरकोळ भानगड. तिरसट आहे. असल्या माणसाला आपणच स्टेजवर बोलवायचं, माइक द्यायचा आणि शिव्या खायच्या? मी प्रकाशक आहे, ताई, संत नाही."

"पत्र बघू."

"घरी आहे."

शीलानं हातातलं फडकं चुरगाळलं, ते वृषालीला दिसलं. पण तेवढ्यात दारात काठी वाजली आणि आबा आत आले.

भिमाजी एक्क्याऐंशीचे. जुन्नरच्या पेठेत पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर त्यांनी लग्नपत्रिकांपासून सुरुवात केली. ते अक्षरांचे खिळे जुळवायचे, कुशाबाई छापलेले कागद घडी घालून शिवायची. आता काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसऱ्याला उजेड तेवढा कळत होता. चार महिन्यांपूर्वी त्यांचं आयुष्यातलं पहिलं आणि एकुलतं पुस्तक निघालं होतं, 'खिळे आणि दोरा'. यंदाच्या संचात ते सगळ्यात वर होतं. दोन तालुक्यांतल्या साठावर वाचनालयांत ते गेलं होतं.

"वृषी आली का?"

"आले, आबा. नमस्कार करते."

त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग आवाज खाली आणून विचारलं, "बावन्नावं पान वाचलंस का गं?"

पुस्तक शिनोलीला संचातनं आलं होतं. तिनं दाखल क्रमांक टाकला, पहिल्या पानावर शिक्का मारला, आतल्या पानावर मारला, तारखेची चिठ्ठी डकवली आणि काचेच्या कपाटात चरित्राच्या खणात उभं केलं. उघडून एक ओळ वाचली नव्हती. बारावी झाल्यावर तिनं छापखान्यात काम मागितलं होतं, तेव्हा आबा म्हणाले होते की छापखाना लेकीबाळींचा नसतो, आणि ज्याला पुस्तकाचं पान धरता येत नव्हतं त्या सुदर्शनच्या हातात किल्ल्या दिल्या होत्या. असल्या माणसाच्या आठवणी काय वाचायच्या, असं तिनं चार महिन्यांपूर्वी ठरवून टाकलं होतं. पण म्हातारा समोर उभा होता आणि हात डोक्यावर होता.

"वाचलं की, आबा. फार छान लिहिलंय."

हात डोक्यावरून निघाला.

"छान?"

"म्हणजे, मनापासनं."

"त्या पानात छान काय हाय, वृषे?"

आबांनी काठीनं खुर्ची शोधली आणि बसले. "चार म्हयनं झालं," ते कोणाकडेच न बघता बोलले. "कुनी त्या पानाचं नाव काढीना. मला वाटलं, समदी आतनं रागावली असतील. रागावली तरी चालंल म्हनलं. पन छान म्हनतीस व्हय तू." मग मान हलवली. "आसंल. तुमच्या पिढीचं निराळं आसंल."

शीला एकदम उठली आणि चहाचं बघते म्हणून बाहेर गेली. सुदर्शननं घड्याळ बघितलं. वृषालीला एवढंच कळलं की आपण काहीतरी भयंकर बोलून बसलो आहोत, आणि काय, ते माहीत असलेली दोन माणसं या खोलीत होती.

* * *

इशरत मोटरसायकलींच्या रांगेपलीकडे आपल्या स्कूटीला टेकून उभी होती. आमंत्रण रद्द झाल्याचा निरोप तिला व्हॉट्सॲपवर आला होता. खाली दोन जोडलेले हात.

"अभिनंदन, ताई," ती म्हणाली. "फोटो छान आलाय."

"इशरत, मला खरंच माहीत नव्हतं. फ्लेक्स बघून कळलं."

"मला पुरस्कार नको होता. मी सोळा पानं मागितली होती."

"कसली सोळा पानं?"

इशरत हळू म्हणाली, "तुम्हीसुद्धा नाही वाचलं?"

तिनं पिशवीतून 'खिळे आणि दोरा' काढलं. प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं आतलं पान असतं. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ते कोणाचं हे कळावं म्हणून त्या पानावरही शिक्का मारतात, आणि ते पान कितवं हे बाहेर सांगत नाहीत. शिनोलीचं पंचवीस होतं. इशरतचं एक्कावन्न.

"शिक्का मारायला एक्कावन्न उघडायला गेले," ती म्हणाली, "तर एक्कावन्न नाहीच. हे बघा. अठ्ठेचाळीस. आणि समोर पासष्ट."

वृषालीनं पुस्तक हातात घेतलं. अठ्ठेचाळीसाव्या पानाची शेवटची ओळ होती: 'टेम्पो भरून उभा होता. कुशा आडवी आली आणि म्हणाली'. आणि पासष्टाव्याची पहिली: 'कागदाचा ट्रक आळेफाट्याला बंद पडला'.

सोळा पानांचा एक फर्मा, एकत्र घडी घालून शिवायचा जुडगा. अख्खा गळालेला. आणि एकाच प्रतीतला नाही. इशरतनं ओळखीच्या सात वाचनालयांत जाऊन बघितलं होतं, सगळीकडे अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट. आईच्या काळात हे होणं शक्य नव्हतं. कुशाबाईला लिहिता-वाचता सहीपुरतं येत होतं, पण शिवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरून ती अंगठा फिरवायची आणि फर्मे मोजायची. एक कमी असेल तर अंगठा थांबायचा. आता पुस्तकं बाहेरून शिवून येतात, खोकी न उघडता गाडीत चढतात, कपाटात जातात, कुलूप लागतं.

"अब्बा अंथरुणाला खिळलेत," इशरत म्हणाली. तिचे वडील पीरमहंमद आईच्या शेजारी बसून तीस वर्षं पुस्तकं शिवत होते. "दुपारचं मी त्यांना वाचून दाखवते. कुशाचाची आडवी आली आणि म्हणाली, इथपर्यंत आले आणि पुढं ट्रक. अब्बा म्हणाले, तू पानं गाळतीस. मी म्हटलं, नाहीयेत अब्बा. ते चिडले. म्हणाले, मी तिथं होतो, भिमाजीनं लिहिलं नाही असं व्हायचं नाही, मला म्हातारा समजून तू लपवतीस. दोन महिने झाले, ताई. माझ्याशी धड बोलत नाहीत. रोज विचारतात, ती काय म्हणाली ते लिहिलंय का त्यानं. तीन पत्रं पाठवली मी. नवीन पुस्तक नको, नुसते झेरॉक्स द्या म्हटलं."

"काय उत्तर आलं?"

"हेच." इशरतनं फ्लेक्सकडे हात केला.

* * *

वृषाली परत आली तेव्हा आबांना व्यासपीठावर नेऊन बसवलं होतं. खोलीत सुदर्शन आणि शीला दोघंच होते. तिनं दार आतून लावलं.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

सुदर्शननं एक उसासा सोडला आणि खुर्चीत बसला. तो ओशाळला असता तर तिचा राग कदाचित निवळला असता. तो ओशाळला नाही.

"पहिलं पत्र आलं तेव्हापासून. बाइंडरची चूक आहे, माझी नाही. तोपर्यंत सगळे संच पोचले होते. साठ गावांतनं पुस्तकं परत मागवू? मंडळात बोंब करून घेऊ की मीनाकाठची पुस्तकं अर्धवट असतात?"

"सोळा पानं छापून पाठवायची होतीस. प्रत्येकानं चिकटवली असती."

"कशाला?" तो पुढं वाकला. "ताई, खरं सांगू? चार महिने झाले. साठ ग्रंथपाल. तक्रारी किती आल्या? एक. ती पण शिक्का मारायला पान सापडलं नाही म्हणून. कोण वाचतंय गं? हे लोक संच घेतात, शिक्का मारतात, सरकारी तपासणीला दाखवतात, आणि वर्षातनं एकदा इथं येऊन वाचनसंस्कृती का कमी झाली यावर भाषणं ठोकतात, जेवतात, पिशवी घेऊन जातात. मी त्यांना पाहिजे ते देतो. शाल देतो. आणि तू? आपल्या बापाचं पुस्तक. तू उघडलंस?"

तिची नजर दाराच्या कडीकडे गेली.

"म्हणजे नाही. मघाशी फार छान म्हणालीस ना?" तो उठला. "आणि एक सांगतो. गळालं ते बरं झालं. त्या पानांत काय आहे हे तुला माहीत नाही. आबांची अब्रू राहिली. त्यांना दिसत नाही, कळणार नाही. सुखानं मरू दे त्यांना."

"काय आहे त्या पानांत?"

"ते मी सांगते," शीला म्हणाली.

"शीला."

"तुम्ही थांबा हो." ती नवऱ्याशी असं बोललेली वृषालीनं कधी ऐकलं नव्हतं. "आबांचं अक्षर लागायचं नाही. एकेक ओळ त्यांना विचारून मी टाइप केलं, आठ महिने. बावन्नावं पान सांगताना ते थांबले, चार दिवस पुढं सांगितलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, घाल. पुस्तक आलं तेव्हा मी फर्मे मोजले, वन्सं. तुमच्या आईनंच शिकवलं होतं मला, नवी नवरी होते तेव्हा. मी यांना त्याच दिवशी सांगितलं. संच तेव्हा पोचले नव्हते. खोकी घरात होती."

सुदर्शनचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

शीलानं पर्स उघडली. घडी घालून घालून मऊ पडलेले कागद काढले. "इशरतचं पत्र आलं त्या दिवशी प्रिंट काढले. पोस्टात टाकायला गेले आणि परत आले. यांची भीती वाटली. तीन महिने घेऊन हिंडतेय. इतके दिवस तुमच्यापुढं तोंड उघडलं नाही, कारण तुम्ही मला कधी माणसात धरलं नाहीत. आज आबा 'आसंल' म्हणाले ना, ते नाही बघवलं."

वृषालीनं कागद घेतले. बावन्नावं पान उभ्या उभ्या वाचलं. या पानाला मी छान म्हणाले, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. माझ्या तोंडानं. त्यांच्या तोंडावर.

"ताई, हे स्टेजवर काढायचं नाही," सुदर्शन म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "आबांना मारशील तू."

"आबांना विचारून काढीन," ती म्हणाली आणि दार उघडलं.

* * *

सयाजी अण्णांचं भाषण चालू होतं. चर्चासत्राचा विषय पाठीमागं लिहिला होता, 'वाचक गेला कुठे?'. अण्णा म्हणत होते की मोबाईलनं घात केला, आजची पिढी पुस्तक हातात धरत नाही, पण भिमाजींचं 'खिळे आणि दोरा' त्यांनी स्वतः एका बैठकीत वाचून काढलं, शेवटच्या पानापर्यंत खाली ठेववलं नाही. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या साठ-सत्तर जणांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. मागच्या रांगेत, पंख्याखाली, इशरत येऊन बसली होती.

मग वृषालीचं नाव पुकारलं. शाल आली, नारळ आला, सन्मानचिन्ह आलं. आबांच्या हातून ते तिच्या हातात दिलं गेलं तेव्हा त्यांची बोटं पितळी पुस्तकाच्या पाठीवरून फिरली. जुनी सवय. तिनं सन्मानचिन्ह टेबलावर ठेवलं, आबांच्या कानाशी वाकली.

"आबा, मघाशी मी खोटं बोलले. पुस्तकात बावन्नावं पान नाहीच. अख्खा चौथा फर्मा गळालाय. सगळ्या प्रतींत."

आबांनी कान तिच्याकडे वळवला. वृषालीला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"समद्या?"

"समद्या."

"कवापासनं?"

"घरातनं निघाली तेव्हापासनं."

आबांनी उजेडाच्या दिशेनं तोंड वळवलं, जिथं सुदर्शन उभा होता तिकडं नव्हे, पण त्याला ते आपल्याकडंच वाटलं असावं, कारण तो एक पाऊल मागं सरकला.

"माझ्याकडे आहेत पानं," ती म्हणाली. "शीलानं जपलीत. वाचू?"

"त्यासाठीच लिहिली व्हती की."

तिनं माइक घेतला. राग आता नेमका कोणावर हे तिला सांगता आलं नसतं. "मी भाषण करणार नाही," ती म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी हे पुस्तक घेतलंय त्यांच्या पुस्तकात अठ्ठेचाळीस पानानंतर पासष्ट येतं. मधलं वाचते."

सभागृहात कोणी खोकलं. सयाजी अण्णांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. तिनं वाचलं.

"'टेम्पो भरून उभा होता. कुशा आडवी आली आणि म्हणाली, ह्ये पुस्तक माझ्या हातनं जायचं न्हाई. एक फर्मा उलटा शिवलाय. मी म्हणालो, शाळा खोळंबल्यात, पोरं उलटं धरून वाचतील. ती म्हणाली, वरती तुमचं नाव छापलंय, ते कुनीबी वाचतं. माझं नाव आत दोऱ्यात हाय. ते मी एकलीच वाचते, पन वाचते.'"

मागच्या रांगेत इशरतनं मोबाईल वर धरला होता. ती व्हिडिओ काढत नव्हती, फोन लावलेला होता. वाचनाचा आवाज पलीकडे जुन्नरला, तिच्या घरी जात होता.

पन्नास, एक्कावन्न. कोणी उठलं नाही. बावन्नावर वृषाली थांबली आणि आबांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती, पण हाताचा पंजा उचलून पुढं चल अशी खूण केली.

"'मी पीरमहंमदच्या देखत तिच्या थोबाडीत मारली. टेम्पोवाला बघत होता. ती रडली नाही. खाली बसली, वरचं पुस्तक घेतलं आणि दोरा कापला. पीरमहंमद माझ्याकडे न बघता तिच्या शेजारी बसला. नऊ दिवस दोघं उसवत होते आणि शिवत होते. नऊ दिवस मी तिच्या हातचं जेवलो आणि माफी मागितली नाही. ती जिवंत होती तोवर मागितली नाही. माझी पोरं हे वाचतील, तेव्हा त्यांच्यासमोर मागतो.'"

तिनं कागद खाली केले.

आबा उठले. शीला कुठून तरी येऊन त्यांच्या कोपराला हात लावून उभी राहिली. त्यांना माइक नको होता. छापखान्याच्या खडखडाटात साठ वर्षं बोललेला आवाज होता तो.

"ह्ये पुस्तक तुमच्यापैकी कुनी कुनी वाचलंय? शिक्का न्हाई म्हनत मी. वाचलंय. त्यांनी हात वर करा."

सयाजी अण्णांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला आणि परत दांडीवर बसला. मागच्या रांगेत एक हात वर गेला, मोबाईल धरलेला. व्यासपीठावर दुसरा गेला, शीलाचा.

"शीले, किती?"

"दोन, आबा. एक इशरत आहे. आणि एक मी."

बाहेर आचाऱ्यानं झारा ठेवला तो आवाज आत आला. वृषालीच्या एका हातात माइक होता, दुसऱ्यात सोळा पानं. दोन्ही हात गुंतलेले आहेत, कोणाला कळणार नाही, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची तिला आयुष्यभर लाज वाटणार होती.

आबांनी तोंड तिच्या बाजूला वळवलं.

"वृषे, तुझा वर हाय का?"

"नाही, आबा," ती म्हणाली. माइक तोंडाशीच होता. सगळ्यांनी ऐकलं.

"बरं," आबा म्हणाले. "मग ती शाल काढ. आणि कुशाचं नाव त्या कमानीवरनं उतरवा. फर्मा बसंपातुर पुन्हा चढवू नगा."

वृषालीनं माइक ठेवला, शाल काढून खुर्चीवर ठेवली. सन्मानचिन्हावरचा स्टिकर मघाच्या कोपऱ्यापासून ओढला, तो एका दमात निघाला. ते आणि कागद घेऊन ती पायऱ्या उतरली, मधल्या वाटेनं चालत मागच्या रांगेपर्यंत गेली. साठ-सत्तर माणसं पायाजवळच्या पिशव्यांकडे बघत होती.

इशरतनं पितळी पुस्तकाला हात लावला नाही. तिनं दुसरा हात पुढं केला, कागदांसाठी, आणि फोन वृषालीच्या कानाला लावला.

पलीकडून पीरमहंमदचा खोल गेलेला आवाज येत होता. "त्रेपन्नावं," ते म्हणत होते. "थांबली का पोरगी? पुढचं वाच म्हणावं तिला."